रात्रीची लाइट

सकाळी ६

विहिरीवरची मोटर बंद झाली की मला जाग येते. या आठवड्यात शेतीची लाइट रात्री दहाला येते आणि सकाळी सहाला जाते, म्हणून सहाला. दहा मिनिटांनी हे अंगणात येतात, पायाचा चिखल धुतात, काठी दाराशी टेकवतात. मी चहा गाळते आणि कित्येक वर्षं विचारत आलेय तोच प्रश्न विचारते.

"काही दिसलं का?"

"काय दिसायचंय? आपल्या वावरात नाही येत तो. त्याची वाट ओढ्याकडनं."

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. अंधार पडला की तेही म्हणत नाहीत, नुसतं 'तो'. ओढा आमच्या गव्हापासून दोन वावरांवर आहे, मधे ऊस उभा आहे. मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांचं कुत्रं साखळीसकट गेलं. हे सगळं ह्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी तोंड म्हणतं, येत नाही. हात मात्र वेगळंच बोलतात. काठीला घुंगरं बांधलेली, कपाळाला बॅटरी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं लावलेलं भजन, आणि थंडी नसली तरी मानेभोवती मफलरचे चार वेढे, कारण तो मान धरतो हे इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे. तोंडानं नाकारलेलं हातांनी केव्हाच कबूल केलेलं असतं.

माझं काम समुपदेशनाचं. एका छोट्या गटाबरोबर जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत फिरते. शिकत होते तेव्हा 'संरक्षण यंत्रणा' हा एक धडा होता. मनाला न सोसणारी गोष्ट मन स्वतःपासून दूर ठेवतं, हा विचार फ्रॉइडनं १८९४ मध्ये मांडला. त्याच्या मुलीनं, अॅना फ्रॉइडनं, १९३६ च्या तिच्या पुस्तकात या यंत्रणा एकेक करून लावून दाखवल्या. नाकारणं, दमन, प्रक्षेपण, विस्थापन. मी ती यादी परीक्षेसाठी पाठ केली होती आणि तेव्हा मला ती माणसांच्या खोडींची यादी वाटायची. आता सकाळी सहाला पाय धुणाऱ्या माणसाकडं बघताना तसं वाटत नाही. उसाच्या कडेला रात्रभर दारं धरायची तर मनाला काहीतरी पांघरूण घ्यावंच लागतं. ते न घेता कुणी बांधावर उभं राहू शकेल, असं मला वाटत नाही.

पण त्या पांघरुणाखाली जीव जाऊही शकतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात काही आठवड्यांत तिघं गेली. त्यांत दोन लेकरं होती. माणसं मंचरला महामार्गावर येऊन बसली. तिकडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागल्या. त्या दिवसांत आमच्या गावात कुणी 'आपल्याकडं येत नाही' म्हणालं नाही. पंधरा दिवस म्हणालं नाही. मग गव्हाच्या पेरण्या आल्या, रात्रीची लाइट आली आणि वाक्य परत आलं. पिकाला दिवसा वीज द्या, ही इथली मागणी जुनी आहे, आणि माझ्या कामाशी तिचा काय संबंध, असं विचारणाऱ्यांना मी सांगते की फार जवळचा आहे. माणसाला दिवसा पाणी भरता आलं तर रात्री स्वतःची समजूत घालावी लागणार नाही.

सकाळी ७:३०

ठाकरवाडीतल्या आजी दुधाला येतात. वाघबारस होऊन महिना झाला, तरी त्यांनी वाघोबाला दाखवलेल्या नैवेद्याची गोष्ट अजून ताजी आहे. "तो राखणदार. आपण त्याचं ठेवलं की तो आपलं ठेवतो." त्या भीती नाकारत नाहीत, तिच्याशी नातं लावतात. माझ्या पाठ केलेल्या यादीत याला जागा नव्हती. आजी मात्र जाताना नातवाचा हात घट्ट धरून जातात.

सकाळी ९

नारायणगावचा टोमॅटो बाजार. आमच्या गटातल्या एका कार्यकर्त्याचा इथं गाळा आहे, त्याच्या बाकावर मी आठवड्यातून एकदा बसते. समुपदेशनाच्या खोलीत पुरुष येत नाहीत. इथं ते चहाला म्हणून येतात आणि क्रेट उतरेपर्यंत बोलतात.

आज एकजण जुन्या हंगामाचा विषय काढतो. २०२३ च्या मे महिन्यात भाव पार कोसळला, तेव्हा त्यानं उभ्या प्लॉटमध्ये ट्रॅक्टर घातला. जुलैत २० किलोच्या क्रेटला २००० रुपयांवर भाव गेला. शेजाऱ्याचा बाग उभा होता. हा मला सांगतो, "बरं झालं ताई. तेवढा पैसा एकदम आला असता तर भावाभावांत भांडणं लागली असती. त्यांच्याकडं बघा, नवी गाडी आली नि घरातली बोलणी बंद झाली." कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे आपल्याला शाळेत शिकवतात आणि आपण कोल्ह्याला हसतो. जुन्नरात द्राक्षंही पिकतात आणि टोमॅटोही, आणि मला त्या कोल्ह्याला हसावंसं वाटत नाही. ज्यानं स्वतःच्या हातानं लाखोंचं पीक मोडलं त्याला दुसऱ्या दिवशी उठून नांगरट करायची होती. भांडणं टळली, हे कारण त्यानं त्यासाठी बनवलं. तीन हंगाम तो त्याच कारणाच्या आधारावर उभा आहे. मी ते खोडून काढत नाही. फक्त विचारते, "त्या जुलैत झोप लागत होती का?" तो माझ्याकडं बघतो, कप खाली ठेवतो. "नव्हती." एवढंच बोलतो आणि उठून जातो. आजच्यापुरतं ते खूप झालं.

पलीकडं लिलावात कुणाला तरी मनासारखा भाव मिळत नाही. तो व्यापाऱ्याला काही बोलत नाही. उद्या पुन्हा त्याच्याच दारात यायचं आहे. तो गाडीजवळ येतो आणि क्रेट वेडेवाकडे रचले म्हणून पोराला सगळ्यांदेखत झापतो. पोरगा बारावीत असेल. तो मान खाली घालून क्रेट पुन्हा रचतो. संध्याकाळी हा पोरगा धाकट्या बहिणीवर ओरडेल, हे मी पैजेवर सांगू शकते. वड्याचं तेल वांग्यावर. पुस्तकात याला विस्थापन म्हणतात.

विस्थापन हा शब्द आमच्या तालुक्यात मात्र दुसऱ्याच कारणानं शिकावा लागला. २००१ पासून दोनेक वर्षं जुन्नर परिसरातले बिबटे मोठ्या संख्येनं पिंजऱ्यात धरले आणि दुसरीकडं जंगलात नेऊन सोडले. हेतू चांगलाच होता: इथला त्रास कमी व्हावा. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं हिशोब मांडला तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले, आणि जिथं ही जनावरं सोडली त्या भागांतही हल्ले झाले. ओळखीचा मुलूख सुटलेलं जनावर बिथरतं. मी गावात वडीलमाणसांशी रागाबद्दल बोलते तेव्हा हेच उदाहरण देते, कारण ते इथं प्रत्येकानं पाहिलेलं आहे. "तुमचा राग बाजारात पकडला आणि घरात नेऊन सोडला," असं म्हटलं की पुढं काही समजवावं लागत नाही. मघाच्या बापाला मी आज हे सांगितलं नाही. त्याची गाडी भरून गेली होती आणि मी उठायला उशीर केला. दिवसभर हे टोचत राहतं.

सकाळी ११

शाळेच्या एका रिकाम्या वर्गात आज तिघं येऊन गेली. दोघांचं लिहिण्यासारखं नाही; एकाला दारू 'कधीही सुटते' आणि एकीला सासरचे सगळे आपल्यावर जळतात असं वाटतं. अशांना वेळ लागतो आणि तो दिलाच पाहिजे.

तिसरा सात वर्षांचा. त्याच्या घरामागून संध्याकाळी बिबट्यानं शेळी नेली. त्यानं ती ओढत नेताना पाहिली. तेव्हापासून तो अंथरूण ओलं करतो, आईच्या हातूनच जेवतो, बोबडं बोलतो. वडील चिडलेत. "एवढा मोठा घोडा झाला, आणि." आई रडवेली आहे, तिला वाटतं पोराला बाहेरचं काही लागलं.

मी त्यांना लंडनची गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात तिथं बॉम्ब पडत होते तेव्हा अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेडला मुलांसाठी पाळणाघरं चालवली. मोठी झालेली मुलं पुन्हा तान्ह्यासारखी वागू लागली, अंथरुणं ओली होऊ लागली, हे त्यांनी रोज पाहिलं आणि लिहून ठेवलं. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. बॉम्बनं घर हादरलं तरी आई जवळ असलेली मुलं त्यातून सावरायची. आईपासून तोडलेल्या मुलांना सुरक्षित जागीही जास्त त्रास व्हायचा. सात वर्षांचं असणं सध्या या पोराला झेपत नाहीये, म्हणून तो तीन वर्षांच्या वयात जाऊन थांबला आहे. तिथं त्याला सुरक्षित वाटलं होतं. परत यायची वाट त्याला माहीत आहे.

"मग करायचं काय?" वडील विचारतात.

"महिनाभर भरवा. तुम्ही भरवा."

ते चमकतात. आई पहिल्यांदाच हसते.

दुपारी २

मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे. धरणाच्या कडेनं रस्ता वर चढू लागतो तसा मुलूख बदलतो. ऊस मागं राहतो, भाताची खाचरं येतात, हिरड्याची झाडं येतात. डावीकडचं पाणी शांत दिसतं. तालुक्याला ज्या गावानं नाव दिलं ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली आहे.

पुढं आसाणे, अडिवरे, आणि माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला. गाव नाहीसं झाल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते त्या रस्त्यानं आलेल्या एसटीच्या चालकाच्या. १५१ माणसं गेली. पडकईसाठी, म्हणजे उतारावर खाचरं पाडायला, फिरलेल्या यंत्रांमुळं झालं की पावसामुळं की झाडं गेल्यामुळं, यावर तेव्हा खूप वाद झाले. कारण शोधणं गरजेचं होतं. पण मी तेव्हा पाहिलेलं असं, की काही माणसांसाठी तो वाद हाच आधार झाला होता. वाद चालू असेपर्यंत रडायची वेळ येत नव्हती.

जवळच्या एका वाडीत माझी एक बाई आहे. 'केस' म्हणायचं मी सोडलंय. तिचं माहेर माळीण. (तिच्या आणि बाकी सगळ्यांच्या ओळखीच्या खुणा मी इथं बदलल्या आहेत.) पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं मला नव्या माळीणची सगळी माहिती दिली. आमडे गावच्या जागेवर वसवलेली घरं २ एप्रिल २०१७ ला ताब्यात दिली, खोल्या किती, भिंती कसल्या, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रस्ते कुठं खचले, गटारी कुठं फुटल्या. एखाद्या अधिकाऱ्यानं अहवाल द्यावा तसा तिचा आवाज सपाट होता. घटना सगळी हजर, आणि तिच्यातलं दुःख तेवढं सोलून बाजूला काढून ठेवलेलं.

मी तेव्हा नवी होते आणि मला हे ओळखता आल्याचा आनंद झाला होता. आज हे लिहिताना त्याचं वाईट वाटतं. मी तिला विचारलं, "आईची आठवण येते का हो?" ती उठली. चहा करून आणला. माझ्याशी गोड बोलली. पुढच्या तीन खेपांना ती 'रानात गेली' होती. घराचं दार उघडं, चूल गरम, आणि ती रानात. तिनं घट्ट लपेटून घेतलेलं पांघरूण मी ओढायला गेले होते, बाहेर किती गारठा आहे याचा विचार न करता.

चौथ्या वेळी मी विचारायला गेले नाही. हिरडा वेचायचे दिवस होते, मी वेचू लागले. मग भात लावणीला गेले, चिखलात माझी कंबर धरली आणि ती पोट धरून हसली. दोन वर्षं आम्ही पाऊस, भाव, गुडघे आणि तिच्या सुनेची नोकरी यांवर बोललो. आमच्या गटाच्या कागदावर या भेटींपुढं 'प्रगती' या रकान्यात काय लिहावं हे मला कधी कळलं नाही.

आज भाताची झोडणी चालू आहे. खळं शेणानं सारवलेलं, ऊन तिरपं. मी पेंढ्या उचलून देते, ती झोडते. भाताची धूळ नाकात जाते. चौथी की पाचवी पेंढी असेल. ती हात न थांबवता म्हणते, "माझी आई खळं सारवायची ना, तर कडंनी बोटांची नक्षी काढायची. मी कितीदा काढली, तशी येत नाही."

मी पुढची पेंढी देते. ती घेते, झोडते. मग ती कोपऱ्यात जाते, वाकते, आणि ओल्या शेणात मला बोटं फिरवून दाखवते: अशी, आणि मग अशी. डोळे पुसते ते कोपरानं, कारण हात भरलेले आहेत. "धूळ लई आहे आज," म्हणते.

"हो," मी म्हणते. धूळ खरंच होती.

संध्याकाळी ६

परतताना घोड नदीचा पूल ओलांडला की पुन्हा ऊस. तोडणी सुरू झाली आहे, फडाच्या कडेला टोळ्यांच्या खोप्या पडल्या आहेत, चुली पेटल्या आहेत. याच उसात बिबट्याची मादी विते. तोडता तोडता पिल्लं सापडतात, मग वनखात्याला फोन जातो आणि रात्री पिल्लं आईला परत मिळावीत म्हणून तिथंच ठेवली जातात. माणिकडोहच्या निवारा केंद्राची माणसंही त्यासाठी येतात. खोपीतल्या बायकांना पाच मिनिटं भेटते. एकीचं मूल पाठीशी बांधलेलं आहे, काम करतानाही ती त्याला खाली ठेवत नाही. उचल घेतली आहे, ती फेडल्याशिवाय जाता येत नाही. इथं यंत्रणा वगैरे बोलायला मला लाज वाटते. भीती तिला पुरती दिसते आहे; दूर ठेवायची सोयच तिच्याकडं नाही.

चहाच्या टपरीवर ओळखीचे दोन वनरक्षक. पिंजरा उशिरा आणला म्हणून गावकऱ्यांनी सकाळी त्यांना घेराव घातला होता. एकजण सांगतो, "मॅडम, पिंजऱ्यात शेळी ठेवतो, तशी खुर्ची ठेवून मीच बसतो म्हणालो. निदान रात्रभर कुणी शिव्या तरी देणार नाही." दुसरा इतका हसतो की चहा सांडतो. जॉर्ज व्हेलंट या मनोविकारतज्ज्ञानं १९३८ मध्ये सुरू झालेल्या हार्वर्डच्या दीर्घ अभ्यासातल्या माणसांची आयुष्यं तपासून या यंत्रणांची उतरंड लावली, आणि सगळ्यांत वरच्या, परिपक्व पायरीवर विनोदाला बसवलं. नारायणगावला हे वेगळं सांगायला नको. राहुट्यांमध्ये तमाशाची बोलणी ठरतात त्या गावाला सोंगाड्याची किंमत ठाऊक आहे. विनोदात दुःख लपत नाही. त्याला तोंड दाखवायला मिळतं, आणि तरी माणूस मोडत नाही. तो वनरक्षक हसून झाल्यावर म्हणाला, "घरी नाही सांगितलं मी घेरावाचं." मी म्हटलं, "सांगा. असंच सांगा, खुर्चीसकट."

रात्री ९:१५

जेवणं झाली. मी वही उघडते. दिवसाची टिपणं लिहायची असतात: कोण, कुठं, काय. हात आपोआप चालतो. समर्थन. विस्थापन. प्रतिगमन. भावना वेगळी काढणं. लिहिताना मन शांत होत जातं, आणि आज पहिल्यांदाच मला त्या शांतपणाकडं बघावंसं वाटतं. ओढ्याकडनं कोल्हेकुई आली होती आणि मधेच एकदम थांबली. मी ती ऐकली आणि वहीत 'नाकारणं' हा शब्द लिहून त्याखाली रेघ मारली.

प्रत्येक भीतीला नाव देता येतं, म्हणून मला वाटत आलं की मी भीत नाही. सकाळचा तो प्रश्न, 'काही दिसलं का', तो मी कशासाठी विचारते? ह्यांनी 'नाही' म्हणावं यासाठीच. त्यांचं ते वाक्य आम्हा दोघांचं पांघरूण आहे आणि रोज सकाळी मीच त्याचं एक टोक धरून असते.

रात्री ९:५०

हे मफलर गुंडाळतात. दाराशी काठी घेतात. घुंगरं वाजतात.

"अहो."

"काय?"

"मला भीती वाटते. तुम्ही जाता तेव्हा रोज वाटते."

ते थांबतात. नेहमीचं वाक्य ओठांवर आलेलं मला दिसतं. मी चप्पल घालते, खुंटीवरची दुसरी बॅटरी घेते. "मोटर सुरू होऊन पहिला वाफा भरेपर्यंत येते. मग तुमच्या भावाला बोलवा, दोघं मिळून धरा. आज त्यांचंही वावर भरायचंय ना."

"त्याला कशाला," ते म्हणतात. मग थोड्या वेळानं, बांधावर आल्यावर, भजनाचा आवाज कमी करून भावाला फोन लावतात.

लाइट येते. विहिरीवर मोटर गुरगुरते, पाणी पाटात उतरतं. मी बॅटरी उसाच्या कडेवरून हळूहळू फिरवते. ते खोऱ्यानं दारं मोडतात, पाठ माझ्याकडं.

"मागं बघत राहा गं जरा," ते म्हणतात. "परवा इथंच बसला होता."